मातीतले दोन चौकोन



शिक्षक दिनाला आपण सावित्रीबाईंचं आणि फातिमाबींचं नाव घेतो, घ्यायलाच हवं. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते आमच्याच नगरला, मिस फरार यांच्याकडे. मी मात्र आज माझ्या हायस्कूलच्या इतिहासाच्या सरांविषयी बोलणार आहे. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही.

माझं गाव खर्डा, तालुका जामखेड. ११ मार्च १७९५ला इथं मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. निजाम अली हरला, गावच्या किल्ल्यात अडकला आणि तह करून सुटला.

नववीत असताना सर म्हणाले, शनिवारी किल्ल्यावर जायचं. मधल्या सुट्टीत एकजण मला म्हणाला, "तुझा निजाम कुठनं पळाला ते दाखव की." सगळे हसले. मीही हसलो, आणि तेच जास्त लागलं. घरी अम्मीला सांगितलं, पोट दुखतंय, शनिवारी जाणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सर अब्बांच्या शिलाईच्या दुकानात हजर. "सर, बैठो, चाय पियो," म्हणत अब्बांनी स्टूल पुसलं. सर चहा प्यायले, पँटच्या उंचीवर बोलले आणि निघताना म्हणाले, "टेलर, पोराला उद्या पाठवा. त्याच्याकडं काम आहे." त्यांना कुणी सांगितलं, मला आजही ठाऊक नाही.

किल्ल्यात त्यांनी मातीत दोन चौकोन काढले आणि काठी माझ्या हातात दिली. "मी सांगतो, तू लिही." निजामाच्या चौकोनात पहिलं नाव रेमंड, फ्रेंच सेनापती. दुसरं निंबाळकर. वर्ग गप्प. आम्ही उभे होतो तो किल्ला निंबाळकरांनीच बांधलेला, आणि ते निजामाचे सरदार! पेशव्यांच्या चौकोनात शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पेराँ, तोही फ्रेंच. शिवाय मराठ्यांच्या फौजांत पगारावर असलेले अरब, पठाण. मग सर आणखी मागं गेले. १७६०ला उदगीरला निजामाविरुद्ध मराठ्यांचा तोफखाना चालवला इब्राहिमखान गारद्यानं. आधी तो निजामाच्याच नोकरीत होता. पुढच्या वर्षी पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि जिवाला मुकला.

"मग १७९५चं भांडण कशाचं?"

कुणीच बोलेना. सरच म्हणाले, "थकलेल्या चौथाईचं. वसुलीचं."

त्या पोराला ते एका शब्दानंही बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं, त्याला दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. अजूनही कधीकधी वाटतं. पण तो पोरगा त्यानंतर माझ्या बाकावर येऊन बसायला लागला, हेही खरं.

सोमवारी मला त्यावर एक पान लिहून वर्गात वाचायला लावलं. घरी आम्ही दखनी बोलायचो, त्यामुळे 'न' आणि 'ण'ची माझी नेहमीची गल्लत. सरांनी लाल पेनानं पान रंगवून टाकलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "मुद्दे बरोबर. पाण्याचा ण सुधार."

आता पुण्यात प्रोग्रॅमिंग करतो. ऑफिसच्या ग्रुपवर इतिहासाचा एखादा फॉरवर्ड येतो आणि पुन्हा तेच, तुमचे आणि आमचे. पूर्वी मी ग्रुप म्यूट करायचो. आता कागदावर दोन चौकोन काढतो, कोण कुठल्या बाजूला होतं ते शोधतो आणि लिहून पाठवतो. दर वेळी उत्तर येतंच असं नाही.

गेल्या वर्षी सरांना फोन केला, पहिल्यांदाच. इतकी वर्षं का केला नाही, याला माझ्याकडे कारण नाही. आवाज थकलाय. हे सगळं सांगितलं, तर म्हणाले, "ते पान आहे का रे तुझ्याकडं?"

अम्मीची पेटी उपसली. दहावीची मार्कशीट सापडली, पान नाही. दिवाळीत गावी गेलो की पुन्हा शोधणार आहे.