बोलावलं की येतो, पण जेवत नाही

‘मासा जेवत नाही, काय करू?’ हा प्रश्न तुमच्याकडून सारखा येतो. गेल्या पावसाळ्यात तो माझ्याच घरात उभा राहिला, म्हणून आज त्याबद्दल.

आमच्याकडे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये गुंड्या आहे. डॉगफेस पफर, तोंड अगदी कुत्र्याच्या पिल्लासारखं. कोकणात याच्या भाऊबंदांना केंड म्हणतात. जाळ्यात आला तर फुगतो, आणि विषारी म्हणून कोणी घरी नेत नाही. आम्ही मात्र याला पुण्यात पाहुण्यासारखा ठेवलाय. तीन वर्षं झाली.

तर एक दिवस त्याने जेवण सोडलं. आई म्हणाली, “आज एकादशी आहे का त्याची?” पहिले दोन दिवस मीही हसलो. चौथ्या दिवशी नाही हसलो.

पहिलं काम पाणी तपासायचं. इथे आळस नको. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारटपणा १.०२५, तापमान २६. सगळं ठीक. नवा आणलेला मासा असता तर मी म्हटलं असतं, घाबरलाय, दिवे मंद ठेवा, थोडे दिवस द्या. पण हा तर घरचा. मग मी काय केलं? मूर्खपणा. कोळंबी नाही आवडत? माकूळ घे. माकूळ नको? लसणाच्या रसात बुडवून घे. रोज नवा पदार्थ. उरलेलं खाली पडून कुजायचं, आणि ज्या पाण्याचा मला अभिमान होता त्यात अमोनिया दिसायला लागला. मासा उपाशी, वर पाणी मीच खराब केलेलं.

मग एका संध्याकाळी हात बांधून नुसता टँकसमोर बसलो. हे आधी करायला हवं होतं. गुंड्या मला बघून काचेपाशी आला, शेपूट हलवली, तुकड्याकडे झेपावला, तोंडात घ्यायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पुन्हा झेपावला, पुन्हा सोडला. म्हणजे भूक होती हो! ज्याला खायचं नाही तो मासा कोपऱ्यात पडून राहतो, अन्नाकडे बघतही नाही. याला खायचं होतं, पण खाता येत नव्हतं.

टॉर्च मारून बघितलं. पफरला चार दात, एकमेकांना जोडलेले, पोपटाच्या चोचीसारखे, आणि ते जन्मभर वाढत राहतात. समुद्रात तो शिंपल्या, खेकडे फोडून खातो, तिथे ते झिजतात. आणि मी तीन वर्षं लाडाने काय घालत होतो? सोललेली कोळंबी. कवच काढून, तुकडे करून! दात इतके वाढले होते की तोंड नीट उघडतच नव्हतं. शिवाय नुसती कोळंबी घालणं तसंही बरं नाही. काही जातींच्या कच्च्या कोळंबीत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं.

खरं सांगतो, नेलकटर हातात घेतला होता. बायकोने काढून घेतला. माशांचं काम करणारे एक पशुवैद्य शोधले. त्यांनी लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने गुंगी दिली, ओल्या हातांनी धरून मिनिटभरात दात कापले आणि लगेच स्वच्छ पाण्यात सोडला. गुंगीचं प्रमाण चुकलं तर मासा उठत नाही, म्हणून ते इथे सांगणार नाही, विचारूही नका. नेताना मात्र जाळीने उचलू नका. भांडं पाण्यात बुडवून आतच घ्या. पाण्याबाहेर घाबरून हवेने फुगला, तर ती हवा त्याला बाहेर टाकता येईलच असं नाही.

दोन दिवस तो रुसून दगडामागे होता. त्याचं पोट खपाटीला गेलं होतं, मला झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी अर्धी उघडलेली तिसरी टाकली. आधी नुसता बघत राहिला. मग कडाक्! काचेबाहेर ऐकू आलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

आता दर रविवारी बाजारातून तिसऱ्या आणतो, धुऊन फ्रीझरमध्ये ठेवतो, अधूनमधून छोटी कुर्ली. मासेवाल्या मावशी आधी विचारतात, “घरच्यांना की त्याला?” त्याला म्हटलं की जाड कवचाच्या निवडून देतात.