त्रिरश्मी लेणीतील ठेव



दिवाळीच्या सुट्टीत मी पाटोद्याहून नगरमार्गे नाशिकला जाऊन त्रिरश्मी डोंगरावरची लेणी पाहून आलो. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तेथे काही संबंध नाही. ही 24 लेणी म्हणजे भिक्खू संघाची वस्ती होती. कोणा एकाच्या मालकीचे काही नाही, जे आहे ते संघाचे, अशा रीतीने माणसे तेथे राहिली. लहानशा खोल्या, निजायला दगडी ओटा, पाण्याची टाकी. एवढाच संसार.

पण मी पडलो बँकेतला कारकून. माझे मन रमले ते दहाव्या लेण्यातील शिलालेखापाशी. ब्राह्मी मला वाचता येत नाही. भाषांतर वहीत उतरवून नेले होते. सुमारे 1,900 वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे चारही दिशांच्या भिक्खू संघाला दिले. (ब्राह्मणांनाही त्याने भरपूर दाने दिली, तेही त्याने कोरून ठेवले आहे.) सोबत 3,000 कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. 2,000 वर दरमहा शेकडा एक व्याज, 1,000 वर पाऊण. मुद्दल काढायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. हीच अक्षयनीवी. पहिल्या ठेवीतून वर्षावासाच्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापणे. मी तिथेच हिशेब मांडला. महिन्याचे 20, वर्षाचे 240. आणि वीस बारे दोनशे चाळीस. एका नाण्याचा फरक नाही! शिवाय हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवलेला. बारा टक्के व्याजाचा हेवा वाटला तो वेगळा.

आता आपल्या घरचे बोलतो. मागील वर्षी जयंतीच्या मंडपाला पैसे कमी पडले, तेव्हा आपण विद्यार्थी निधीची ठेव मुदतीआधी मोडली. अर्जावर तिसरी सही माझी आहे. ठेव मोडली की व्याज घटते, हे मी काउंटरवर रोज लोकांना सांगतो, तरी सही केली. कोणी विचारले नाही, मीही बोललो नाही. जूनमध्ये दोन मुलींना पुस्तकांचे पैसे देता आले नाहीत.

ती ठेव पुन्हा उभी करायला मी पगारातून दरमहा 500 रुपये भरू लागलो आहे. वही टेबलावर ठेवली आहे. ज्यांना जमेल त्यांनी नाव लिहावे. आणि यापुढे मुद्दलाला हात लावायचा तर आधी सर्वसाधारण सभेत विषय यावा, असा ठराव मी आज लेखी देत आहे. त्याला अनुमोदक हवा आहे.