परक्या पैशाचे विश्वस्त
(ज्ञातीच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



व्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक कार्यकारी मंडळाने आम्हांस दिली, आणि आम्ही जो विषय कळविला तो वाचून चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा संशय रास्तच होता. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, सारी हयात प्राथमिक शाळेत पाढे आणि बाराखडी शिकविण्यात घालविलेले. आणि विषय मात्र जगाच्या बाजारात अब्जावधी डॉलरची उलाढाल करणाऱ्या माणसांच्या चरित्रांचा! परंतु आमच्याकडे एकेकाळी शिकलेला एक विद्यार्थी यंदा याच क्षेत्रात जाण्याची इच्छा धरून आहे, आणि त्याच्या वडिलांनी आम्हांस विचारले की, गुरुजी, हा धंदा सावकारीचा की सट्ट्याचा, एवढे तरी सांगा. हा प्रश्न एका घरापुरता नाही असे वाटल्यावरून, आम्ही वर्षभर जे वाचले, त्यातील काही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम धंद्याचे स्वरूप पाहू. ‘प्रायव्हेट इक्विटी’ हे नाव भारदस्त असले तरी त्यातील व्यवहार आपल्या वाडवडिलांस अगदीच अपरिचित नव्हता. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्यात ठरलेली पाती, ही भागीदारी आपल्या पेठांतून पूर्वापार चालत आली आहे. येथेही तेच. अनेकांकडून पैसा गोळा करून निधी उभारावयाचा. त्या निधीतून, आणि बहुधा वर मोठे कर्ज काढून, संबंध कंपन्याच विकत घ्यावयाच्या. त्यांचा कारभार सुधारावयाचा किंवा निदान किंमत वाढवावयाची. आणि काही वर्षांनी त्या विकून पैसा ज्याचा त्यास परत करावयाचा. या कामाबद्दल व्यवस्थापकाने दरवर्षी निधीच्या सुमारे २ टक्के मेहनताना आणि नफ्याचा सुमारे २० टक्के वाटा घ्यावा, असा या व्यापाराचा जुना रिवाज आहे. म्हणजे पैसा परक्याचा, निर्णय आपला, आणि नफ्यात रुपयामागे वीस पैशांची पाती. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी; कारण पुढील सर्व चरित्रांचा अर्थ तिच्यावाचून लागणार नाही.

या क्षेत्राच्या आरंभी एक शिक्षक उभा आहे, हे वाचून आम्हांस विशेष आनंद झाला. जॉर्ज डोरियो यांचा जन्म १८९९ मध्ये पॅरिस येथे झाला. १९२१ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि हार्वर्डच्या व्यापारविद्यालयात दीर्घकाळ प्राध्यापक होते. महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने एक कंपनी निघाली. ज्या कल्पक तरुणांस पेढ्या दारात उभे करीत नसत त्यांस भांडवल पुरविणे, हे तिचे काम. १९५७ मध्ये त्या कंपनीने केनेथ ओल्सन आणि हार्लन अँडरसन या दोन अभियंत्यांच्या संगणक काढण्याच्या बेतात ७०,००० डॉलर घातले. ‘डिजिटल इक्विपमेंट’ ही ती कंपनी. पुढील दीड दशकात त्या भागाचे मोल ३५ कोटी डॉलरवर गेले. परंतु डोरियो यांची ख्याती या आकड्यापेक्षा त्यांच्या पारखीमुळे अधिक आहे. योजना कितीही आकर्षक असली तरी ती मांडणारा माणूस कसा आहे, हे ते आधी पाहत. वर्गात चाळीस मुले ओळखण्याची ज्यास सवय, त्यास हे साधले यात आम्हांस नवल वाटत नाही.

आता जॉन टेम्पलटन यांच्याविषयी थोडे विस्ताराने बोलू. कारण या गृहस्थाचा आणि महाराष्ट्राचा संबंध आला आहे, व तो फार थोड्यांस ठाऊक आहे. १९१२ मध्ये टेनेसी प्रांतातील विंचेस्टर या लहान गावी त्यांचा जन्म झाला. येल विद्यापीठात पहिले वर्ष पुरे होते न होते तोच, महामंदीमुळे फी भरणे अशक्य असल्याचे वडिलांनी कळविले. मुलाने शिष्यवृत्ती मिळविली, पडेल ते काम केले, आणि काही पैसा तर पत्ते खेळून जिंकला. (हा शेवटचा मार्ग विद्यार्थिमित्रांनी अनुकरणीय समजू नये.) पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला कायदा शिकले आणि तेथून जगप्रवास करून परतले. १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटले तेव्हा त्यांनी आपल्या पूर्वीच्या वरिष्ठाकडून १०,००० डॉलर उसने घेतले आणि ज्यांचा शेअर एका डॉलरच्या आत मिळत होता अशा १०४ कंपन्यांचे शेअर विकत घेतले. त्यांपैकी तिसाहून अधिक कंपन्या दिवाळखोरीत होत्या. लोकांस हे वेड वाटले असेल. टेम्पलटन यांचा हिशेब असा की, युद्धाच्या मागणीने मोडके कारखानेही धावू लागतील. चार वर्षांत त्या रकमेचे सुमारे चौपट झाले.

हा सट्टा होता काय? आमच्या मते पुरता नव्हता. पैसा एका कंपनीत न घालता शंभरांवर वाटला होता, आणि काही बुडतील हे आधीच गृहीत धरले होते. १९५४ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाचा निधी काढला आणि अमेरिकेबाहेर पाहण्याची दृष्टी सामान्य गुंतवणूकदारास दिली. जपानी माल म्हणजे स्वस्त खेळणी अशी जगाची समजूत असताना त्यांनी जपानी कंपन्यांचे भाग घेतले, आणि एक वेळ अशी आली की निधीचा निम्म्याहून अधिक पैसा जपानात होता. ते पुढे बहामा बेटांत राहिले, ब्रिटिश नागरिक झाले. तेथे कराचे ओझे हलके होते, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी १९७२ मध्ये एक पारितोषिक स्थापिले. १९७३ मध्ये ते प्रथम मदर तेरेसा यांस मिळाले. १९९० मध्ये आनंदवनाचे बाबा आमटे यांस, चार्ल्स बर्च यांच्यासमवेत. आणि १९९७ मध्ये रोह्याचे सुपुत्र, स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांस. ज्या संपत्तीचा पाया बंद पडत आलेल्या कारखान्यांच्या शेअरांत होता, तिच्यातून वरोड्याच्या माळरानावर कुष्ठरोग्यांसाठी झिजणाऱ्या माणसाचा गौरव झाला. पैशाच्या अशा वाटा असतात.

दुकानदारांच्या मुलांनी पुढील कथा नीट ऐकावी. स्टीफन श्वार्झमन यांचे वडील फिलाडेल्फियात पडदे, चादरी, टॉवेल असा माल विकीत. मुलगा लहानपणापासून दुकानात काम करी. दुकान उत्तम चालते, तर देशभर शाखा का काढू नयेत, म्हणून त्याने वडिलांच्या मागे धोशा लावला. वडिलांचे उत्तर असे की, राहावयास घर आहे, मोटार आहे, मुलांस कॉलेजात घालण्यापुरते मिळते; याहून अधिक कशाला? हा प्रसंग श्वार्झमन यांनी आपल्या आत्मवृत्तात मोठ्या प्रांजळपणे सांगितला आहे. वाचकास मुलाची महत्त्वाकांक्षा दिसते. आम्हांस मात्र वडिलांचेही कौतुक वाटले. आपल्या समाजात असे वडील घरोघर आहेत, आणि त्यांच्या तृप्तीच्या जोरावरच मुले महत्त्वाकांक्षी होऊ शकतात.

श्वार्झमन यांचे भागीदार पीटर पीटरसन हे ग्रीसहून आलेल्या एका स्थलांतरिताचे चिरंजीव. नेब्रास्का प्रांतातील कर्नी गावी वडिलांचे खाणावळवजा उपाहारगृह होते, आणि ते अहोरात्र उघडे असे. मुलगा पुढे निक्सन यांच्या मंत्रिमंडळात वाणिज्यमंत्री झाला. या दोघांनी १९८५ मध्ये ४ लाख डॉलरवर पेढी काढली आणि आपापल्या आडनावांचा अर्थ जोडून तिचे नाव ठेवले ‘ब्लॅकस्टोन’. जर्मन भाषेत ‘श्वार्झ’ म्हणजे काळा, ग्रीकमध्ये ‘पेट्रोस’ म्हणजे दगड. माजी मंत्री आणि नामांकित पेढीतला अधिकारी, अशी ही जोडी. तरीही पहिल्या निधीसाठी ज्यांच्या दारी गेले त्यांतील कित्येकांनी नकार दिला. पूर्वी स्वतःचा निधी चालविला आहे काय, हाच प्रत्येकाचा प्रश्न. अखेर प्रुडेन्शियल या विमा कंपनीने १० कोटी डॉलर देऊ केले, आणि मग इतर आले.

डेव्हिड रुबेन्स्टाइन हे बाल्टिमोरच्या एका टपाल कर्मचाऱ्याचे एकुलते एक पुत्र. शिष्यवृत्त्यांवर कायदा शिकले, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कार्यालयात तरुणपणीच मोठ्या पदावर चढले; १९८० च्या निवडणुकीत कार्टर हरले आणि यांची नोकरी गेली. १९८७ मध्ये मित्रांसह त्यांनी ‘कार्लाइल’ ही संस्था काढली. २००७ मध्ये मॅग्ना कार्टा या सनदेची १२९७ ची प्रत त्यांनी २ कोटी १३ लाख डॉलरला लिलावात घेतली आणि लोकांस पाहता यावी म्हणून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात ठेवावयास दिली.

तथापि सर्वच गरिबीतून वर आले, असा गैरसमज आम्ही होऊ देणार नाही. हेन्री क्रॅव्हिस यांचे वडील ओक्लाहोमातील सधन तेल-अभियंते होते. त्यांनी कोहलबर्ग आणि रॉबर्ट्स यांच्यासह १९७६ मध्ये ‘केकेआर’ काढली. मिट रॉम्नी हे तर एका राज्यपालाचे पुत्र. आणि ज्यांचे बालपण साधे होते त्यांसही पुढे येल, हार्वर्ड, ड्यूक यांची दारे उघडली. बुद्धी होती, कष्ट होते. परंतु ओळखीही होत्या. हे मुलांपासून लपवू नये.

शिक्षकाच्या घरचे एक उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो. रॉबर्ट स्मिथ यांचा जन्म १९६२ चा, डेन्व्हर येथील कृष्णवर्णीय कुटुंबातला; आई-वडील दोघेही शिक्षणक्षेत्रातले. शाळेत असतानाच त्यांनी बेल प्रयोगशाळेत उमेदवारी मागितली. ती कॉलेजच्या मुलांसाठीच असल्याचे सांगण्यात आले. यांनी काही महिने दर आठवड्यास फोन करण्याचा नेम चालविला, आणि अखेर जागा मिळविली. पुढे रसायन-अभियंता होऊन २००० मध्ये ‘व्हिस्टा’ ही संस्था स्थापिली. २०१९ मध्ये मोअरहाउस कॉलेजच्या पदवीदान समारंभात त्यांनी त्या वर्षीच्या सुमारे ४०० विद्यार्थ्यांचे शैक्षणिक कर्ज फेडण्याचे जाहीर केले; ती रक्कम ३ कोटी ४० लाख डॉलरची झाली. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, अनेक वर्षे कर चुकविल्याचे त्यांनी सरकारपाशी मान्य केले आणि खटला टळावा म्हणून सुमारे १४ कोटी डॉलर भरले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. कर्जमुक्त झालेल्या मुलांचा आनंद खोटा नव्हता. परंतु ज्या खजिन्यातून सरकारी शाळांस मदत जाते त्याचे देणे आधी, दान मागाहून, असे आम्ही मानतो.

आपल्याकडील नावे थोडी आहेत. विक्रम पंडित हे नागपूरचे. सोळाव्या वर्षी अमेरिकेस गेले, कोलंबिया विद्यापीठात अभियांत्रिकी आणि वित्तशास्त्राचा उच्च अभ्यास केला. त्यांनी मित्रांसह काढलेला ‘ओल्ड लेन’ हा गुंतवणूक-निधी २००७ मध्ये सिटीग्रुपने सुमारे ८० कोटी डॉलरला घेतला, आणि वर्षअखेर ते त्या अवाढव्य बँकेचे प्रमुख झाले. पाठोपाठ आर्थिक संकट कोसळले. सरकारी मदतीवर बँक तगली, आणि नफा दिसेपर्यंत आपण वार्षिक १ डॉलर वेतन घेऊ, असे पंडितांनी २००९ मध्ये सांगितले. वृत्तपत्रांनी त्या डॉलरचे कौतुक केले. पण तो ‘ओल्ड लेन’ निधी २००८ मध्येच गुंडाळावा लागला, हे त्याच श्वासात सांगितल्यास आपला अभिमान अधिक डोळस होईल. स्त्रियांची नावे तर या क्षेत्रात हुडकावी लागतात. मुंबईत रेणुका रामनाथ यांनी वस्त्र-अभियांत्रिकी शिकून, आयसीआयसीआय व्हेंचरची धुरा वाहून, २००९ मध्ये ‘मल्टिपल्स’ ही स्वतःची संस्था उभी केली. सभेतील मुलींनी हे नाव लिहून घ्यावे.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. सावकारी की सट्टा? सावकार स्वतःचा पैसा लावतो. सट्टेबाज स्वतःचा घालवितो. येथे पैसा कोणाचा, हे विचारावे म्हणजे उत्तराची दिशा सापडेल. १९८१ मध्ये ऑरेगॉन राज्याच्या सरकारी नोकरांच्या निवृत्तिनिधीने केकेआरच्या एका खरेदीत पैसा घातला, आणि तेव्हापासून राज्याराज्यांचे निवृत्तिनिधी या संस्थांचे मोठे पोशिंदे झाले. कॅलिफोर्नियातील शिक्षकांचा निधी १९१३ पासूनचा. त्याचाही पैसा या क्षेत्रात आहे. म्हणजे दुकानदाराचा, टपालवाल्याचा, शिक्षकाचा मुलगा ज्या पैशावर धनाढ्य होतो, त्यात मोठा वाटा शिक्षकांच्या, अग्निशामक दलातील जवानांच्या म्हातारपणासाठी ठेवलेल्या पैशाचा असतो.

आपणांस हे दूरचे वाटेल, परंतु ते तसे राहिलेले नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनाच्या सेवेत लागलेल्यांस जुन्या निश्चित निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू करण्यात आली. आमच्या पिढीचे निवृत्तिवेतन सरकारी तिजोरीतून येते. आमच्या नंतर शाळेत रुजू झालेल्या सहकाऱ्यांच्या अंशदानाचा काही भाग शेअरबाजारात जातो. तो कोण गुंतवितो, किती मेहनताना घेतो, आणि बुडाल्यास कोणाचे बुडते, हे प्रश्न आता शिक्षकांच्या खोलीतले आहेत.

बुडाल्यास काय होते, तेही पाहू. ‘टॉइज आर अस’ हे अमेरिकेतील खेळण्यांचे सर्वांत मोठे दुकान. २००५ मध्ये केकेआर, बेन आणि व्होर्नाडो यांनी ते ६६० कोटी डॉलरला घेतले. त्यातील बहुतांश रक्कम कर्जाऊ होती, आणि कर्ज दुकानाच्याच माथी बसले. दरवर्षी सुमारे ४० कोटी डॉलर व्याजापायी जाऊ लागले. दुकाने सजविण्यास, नव्या धर्तीची विक्री उभारण्यास हात मोकळा राहिला नाही. २०१७ च्या सप्टेंबरात दिवाळे निघाले, २०१८ मध्ये अमेरिकेतील दुकाने बंद झाली, आणि तीस हजारांहून अधिक माणसे सेवामुक्तीच्या भरपाईवाचून घरी गेली. व्यवस्थापकांस मेहनताना मात्र वर्षानुवर्षे मिळाला होता.

त्या कामगारांनी मग काय केले? त्यांत बहुसंख्य स्त्रिया, कोणी वीस, कोणी तीस वर्षे गल्ल्यावर उभ्या राहिलेल्या. त्या मालकांच्या दारी गेल्याच, परंतु सरकारी निवृत्तिनिधींच्या विश्वस्त मंडळांच्या सभांतही गेल्या. तेथे त्यांनी विश्वस्तांस सांगितले की, ज्यांनी आमची नोकरी घालविली त्यांच्या हाती तुमचा पैसा आहे. विश्वस्तांस ते ऐकून घ्यावे लागले, आणि काहींनी त्या संस्थांकडे जाब विचारला. २०१८ च्या उत्तरार्धात केकेआर आणि बेन यांनी कामगारांसाठी २ कोटी डॉलरचा निधी काढला. कायद्याने तसे बंधन त्यांच्यावर नव्हते, आणि रक्कम मागणीच्या मानाने तोकडी होती. प्रत्येकीच्या वाट्यास फार आले नाही, पण आले.