माळ आणि बांध



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून दोन शब्द बोलायला मला उभं केलंय. कीर्तनात मी दुसऱ्याला सांगतो. आज माझंच सांगतो.

देव मानणारा चांगला वागतो आणि न मानणारा वाईट, असं आपण धरून चालतो. मीही तेच धरलं होतं. गळ्यात माळ, एकादशी मोडत नाही, वारी चुकत नाही. पण नांगरट आली की माझा नांगर दरसाल बांधात वीतभर आत शिरायचा. बांध कोरायचो, मायबाप. वीणा धरणारा हाच तो हात.

बांधाच्या खालच्या अंगाला अण्णांचं रान. अण्णा कधी देवळाची पायरी चढले नाहीत. "देव-बिव मला काय कळत न्हाई," म्हणायचे. कीर्तनात मी त्यांना टोमणे मारलेत.

एका साली मी वारीत असताना गावाकडं मोठा पाऊस झाला. बांध मी कोरून पातळ केला होता, तिथंच फुटला. माझ्या रानातलं पाणी अण्णांच्या पेरणीवरून गेलं. परत येऊन बघतो तर फुटलेल्या जागी दगड-माती लावून बांध घातलेला. मी विचारलं, "अण्णा, तुम्ही कशाला तरास घेतला?" म्हणाले, "तुम्ही घरी न्हवता, महाराज. तुमची माती वाहून चालली हुती."

स्वतःच्या पेरणीचं नावसुद्धा काढलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

पीक निघाल्यावर दोन जाणती माणसं बोलावली, जुन्या हद्दीच्या दगडांना दोरी लावली आणि बांध होता तेवढा रुंद केला. अण्णा बघत होते. एवढंच बोलले, "आता दगड जपा, म्हंजे झालं." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

पंढरीतही हेच घडलंय. १९४७ साली विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य म्हटलेल्या आपल्या भावंडांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. दार अडवणारे देवाचंच नाव घेत होते, अन् उपाशी बसलेला माणूसही देवाचंच नाव घेत होता. नाव एकच, वागणं दोन.

मग माळ कशाला, असं कुणी विचारील. अण्णांना तिची गरज नव्हती. मला आहे. नांगर वळवताना ती आता गळ्याला टोचते. पण खरं सांगतो, बांध कोरत होतो तेव्हाही ती गळ्यातच होती. माळ आपणहून हात धरत नाही. तिचं ऐकावं लागतं.

यंदा ज्यांनी नवी माळ घातली, त्यांना हात जोडून सांगणं आहे. वारीहून घरी गेलात की प्रसाद वाटा, आणि मग रानात जाऊन आपला बांध बघून या. अन् जो देवळात येत नाही, त्याला टोमणा मारायच्या आधी त्याचाही बांध बघा.

अण्णा आता नाहीत. दगड जागेवर आहेत.

रामकृष्ण हरी.