फुटबॉलच्या बाजारातले फुकटचे आणि महागडे



गुढीपाडवा आला म्हणजे आपल्या खेड्यांतून सालगड्यांची साले संपतात. जुन्या मालकाची उचल फिटली असली, की गडी मोकळा. त्याने तिथेच राहावे, नाहीतर दुसऱ्याच्या वाड्यावर जाऊन नवे साल ठरवावे. आता अशी कल्पना करा, की साल संपले, उचलही फिटली, आणि तरी जुना मालक नव्या मालकाला म्हणतो आहे, "याला न्यायचा असेल तर आधी मला पैसे मोजा. नाहीतर हा कुठेच जात नाही." आपण याला उघड उघड अन्याय म्हणू. पण युरोपातल्या धंदेवाईक फुटबॉलमध्ये १९९५ सालापर्यंत बऱ्याच देशांत हाच रिवाज होता, आणि तो मोडला एका साध्या बेल्जियन खेळाडूने.

त्याचे नाव ज्याँ-मार्क बोसमन. लीज या गावच्या क्लबात तो खेळत असे. १९९० साली त्याचा करार संपला. क्लबाने नवा करार पुढे केला, पण पगार आधीच्या एक चतुर्थांश! बोसमनने नकार दिला. फ्रान्समधला डंकर्कचा क्लब त्याला घ्यायला तयार होता. पण लीजच्या क्लबाने मोबदला मागितला आणि व्यवहार फिसकटला. म्हणजे करार नाही, पगार नाही, आणि दुसरीकडे जायची मुभाही नाही. गडी कोर्टात गेला. पाच वर्षे खटला चालला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबात जाताना जुन्या क्लबाला एक छदामही मागता येणार नाही.

निकाल लागला तेव्हा बोसमनची उमेदीची वर्षे निघून गेली होती. त्याच्यामागून आलेल्या खेळाडूंनी अमाप पैसा मिळवला; तो स्वतः मात्र पुढे हलाखीत आणि दारूच्या व्यसनात सापडला. वाट पाडणारा एक आणि तिच्यावरून गाडी हाकणारे दुसरेच, हे जगात नवीन नाही. पण माझ्या विद्यार्थ्यांना महागड्या खेळाडूंची नावे तोंडपाठ असतात आणि बोसमन कोण हे एकालाही सांगता येत नाही, याचे मला जरा वाईट वाटते.

असो. या निकालाने बाजारात दोन तऱ्हेचे खेळाडू उभे राहिले. एक, ज्याचा करार चालू आहे. त्याला न्यायचे तर जुन्या क्लबाला रक्कम मोजावी लागते. तिला ट्रान्सफर फी म्हणतात. दुसरा करारमुक्त. याच्यासाठी जुन्या क्लबाला काही द्यावे लागत नाही. इंग्लंडात बहुतेक करार ३० जूनला संपतात, म्हणून उन्हाळा आला की वर्तमानपत्रांतून अशा मोकळ्या खेळाडूंच्या याद्या झळकू लागतात. मग प्रत्येक गावच्या चाहत्यांत वाद पेटतो. नावाजलेला एक महाग खेळाडू आणावा, की त्याच पैशात असे चार-पाच फुकटचे गोळा करावेत?

मी अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा आधी 'फुकट' या शब्दाकडेच पाहतो. आपल्याकडे म्हण आहे, धर्माची गाय आणि दात का गं नाय. दान मिळालेल्या गाईचे दात पाहू नयेत, हे रीतभात म्हणून ठीक. पण बाजारात फुकट मिळालेल्या बैलाचे दात दोनदा पाहावेत. वैरण त्यालाही लागतेच, आणि जुन्या मालकाने दावे का सोडले, हा प्रश्न उरतोच.

समजा, एका क्लबाने चोवीस वर्षांचा खेळाडू चार कोटी देऊन घेतला आणि त्याला वर्षाला पन्नास लाख पगार ठरवला. दुसऱ्याने एकतिशीचा करारमुक्त खेळाडू घेतला. फी शून्य. पण फी वाचली हे त्या खेळाडूलाही कळते आणि त्याच्या दलालाला त्याहून आधी कळते. तेव्हा सही करतानाच एक कोटी रोख, आणि वर्षाला नव्वद लाख पगार. दोन वर्षांनी पहिला खेळाडू तीन कोटींना विकला गेला. त्याच्यावर झालेला खर्च चार कोटी अधिक एक कोटी पगार, उणे तीन कोटी; म्हणजे दोन कोटी. दुसऱ्यावर गेले दोन कोटी ऐंशी लाख, आणि आता त्याला विकत घेणारा कोणी नाही. म्हणजे फुकटचा महाग पडला! हे आकडे माझे कल्पनेतले आहेत. पण हिशेबाची रीत खरी आहे, आणि शाळेतल्या गुरुजींनी सातवीच्या मुलांना हे गणित घालायला हरकत नाही.

प्रत्यक्षात काय घडते? इटलीतल्या युव्हेंटस या क्लबाने दोन्ही अनुभव घेतले आहेत. २०११ साली मिलानच्या क्लबाने आंद्रेआ पिर्लो याला जाऊ दिले. वय बत्तीस. युव्हेंटसने त्याला एक पैसा फी न देता घेतले, आणि पहिल्याच हंगामात एकही सामना न हरता इटलीची लीग जिंकली. पिर्लो होता ती चारही वर्षे अजिंक्यपद त्यांच्याकडेच राहिले. आता त्याच क्लबाची दुसरी गोष्ट. २०१९ साली त्यांनी आर्सेनलचा एरन रॅम्सी असाच करारमुक्त उचलला. त्या वेळच्या बातम्यांप्रमाणे त्याचा पगार आठवड्याला चार लाख पौंडांच्या घरात होता. तो दुखापतींनी बेजार झाला, आणि २०२२ साली कराराचे एक वर्ष बाकी असतानाच दोघांनी परस्पर संमतीने मोकळीक घेतली. दोन्ही वेळा फी शून्यच, पण एकाने घर भरले आणि दुसऱ्याने कोठार रिते केले. पिर्लोला धावायचे नव्हते, चेंडू योग्य जागी पोचवायचा होता. ते काम वयाने बिघडत नाही. माझ्या मते फरक तिथे पडला.

आता महागड्या खेळाडूंकडे वळू. त्यांना सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. स्पेनमधल्या रियाल माद्रिदने २००० साली फिगो, २००१ साली झिदान, मग ब्राझीलचा रोनाल्डो, आणि २००३ साली बेकहॅम, असा दरवर्षी एक मोहरा आणला. एकट्या झिदानसाठी साडेसात कोटी युरोंहून अधिक रक्कम मोजली. ते पैसे पाण्यात गेले का? मुळीच नाही. २००२ साली ग्लासगोला युरोपचा अंतिम सामना झाला, त्यात हवेतून उतरणारा चेंडू झिदानने डाव्या पायाने असा काही मारला, की तो गोल अजून लोक दाखवतात. तो कसब स्वस्तात मिळत नाही.

पण २००३ साली याच क्लबाने एक गोष्ट केली. क्लॉड माकेलेले नावाचा त्यांचा खेळाडू गोल करीत नसे, त्याची छायाचित्रे फारशी छापून येत नसत. प्रतिस्पर्ध्याच्या पायांतून चेंडू काढून घ्यायचा आणि जवळच्या माणसाला द्यायचा, एवढेच त्याचे काम. त्याने पगारवाढ मागितली. ती मिळाली नाही आणि तो इंग्लंडात चेल्सी क्लबाकडे गेला. पुढे चेल्सीने २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवली. माद्रिदकडे सगळे नवरदेव उरले, वऱ्हाडाला पाणी वाढणारा कोणी नाही! २००३ नंतर त्यांना स्पेनची लीग पुन्हा जिंकायला २००७ साल उजाडले.

माद्रिद श्रीमंत होते, म्हणून निभावले. इंग्लंडातल्या लीड्सच्या क्लबाचे तसे नव्हते. २००० साली त्यांनी रियो फर्डिनंडला एक कोटी ऐंशी लाख पौंडांना घेतले, आणखीही मोठी नावे आणली, आणि २००१ साली युरोपच्या मोठ्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत धडकही मारली. पण हे सारे कर्जावर, आणि त्या कर्जाला तारण काय? पुढच्या वर्षांत खपणार असलेली तिकिटे! उभ्या पिकावर उचल घेणे कशाला म्हणतात, हे मी तुम्हाला काय सांगावे? पुढच्या हंगामांत संघ त्या मोठ्या स्पर्धेत पोचला नाही, पैसा आला नाही, आणि एकेक खेळाडू विकावा लागला. २००४ साली संघ वरच्या श्रेणीतून खाली आला, २००७ साली आणखी एक पायरी उतरला, आणि परत वर यायला २०२० साल लागले. या सोळा वर्षांत तोच गावकरी, तोच प्रेक्षक मैदानावर येत होता. मोठ्या नावांचा हट्ट धरणाऱ्यांपैकी किती जण त्या काळात त्याच्या शेजारी बसले असतील, कोण जाणे.

आणि मग लेस्टर. ही हकीकत तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. २०१५-१६ च्या हंगामाआधी हा संघ जिंकेल अशी पैज लावली, तर एकाला पाच हजार मिळतील असा भाव होता. त्या संघात मार्क ऑलब्रायटन होता, ज्याला ॲस्टन व्हिला क्लबाने २०१४ साली सोडून दिले होते. ख्रिश्चन फुक्स होता, तोही करारमुक्त, जर्मनीतून आलेला. गोल करणारा जेमी वार्डी काही वर्षांपूर्वी कारखान्यात काम करता करता खालच्या श्रेणीत खेळत असे. त्याला दहा लाख पौंडांना आणले. रियाद माहरेझ पाच लाखांच्याही आत मिळाला, आणि त्याला शोधून काढणारी माणसे गेली होती दुसऱ्याच खेळाडूला पाहायला! एन्गोलो कान्टे पंचावन्न-साठ लाखांत आला. तिकडच्या बाजारात या रकमा म्हणजे चिल्लर. हा संघ एक्याऐंशी गुण मिळवून अजिंक्य ठरला. दुसरा आला आर्सेनल, तो दहा गुणांनी मागे.

यावरून पुष्कळ लोक असा निष्कर्ष काढतात, की पाहा, पैशाची गरजच नाही. मला तो उतावळेपणाचा वाटतो. लेस्टरने स्वस्त खेळाडू घेतले हे खरे, पण नुसते स्वस्त म्हणून घेतले नाहीत. वेगाने मुसंडी मारणारा, चेंडू हिसकावणारा, कडेने सतत धावणारा, अशी जागा आधी ठरलेली आणि तिच्यासाठी माणूस हुडकलेला. त्यासाठी फ्रान्समधल्या दुय्यम मैदानांवर जाऊन बसणारी पारखी नजर लागते, आणि त्या नजरेला पगार द्यावा लागतो. शिवाय दुसऱ्याच वर्षी कान्टे चेल्सीकडे गेला, सुमारे तीन कोटी पौंडांना, आणि पुढचे अजिंक्यपद चेल्सीचे. लेस्टर खाली घसरला, व्यवस्थापक रानिएरी यांना २०१७ च्या फेब्रुवारीत निरोप मिळाला. पुढे याच क्लबाने यूरी टीलेमान्स नावाचा चांगला खेळाडू काही कोटी पौंड देऊन घेतला, २०२१ साली त्याच्याच गोलाने इंग्लंडचा मानाचा चषक जिंकला, आणि २०२३ साली करार संपल्यावर तो एक पैसाही न देता निघून गेला. त्याच वर्षी संघ वरच्या श्रेणीतून बाहेर पडला. दुसऱ्यांनी टाकलेले उचलून मोठे झालेले लोक स्वतःचे मोल कधी विसरतात, ते त्यांनाही कळत नाही.

आपल्या जवळचेही एक उदाहरण आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघाने एक जगप्रसिद्ध नाव आणायचे असे ठरले होते. गोव्याच्या संघाने रॉबेर पिरेस आणला. १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातला हा मोहरा, पण वय चाळिशीच्या पलीकडे. फातोर्ड्याचे मैदान त्याला पाहायला भरले, यात शंका नाही. मडगावच्या मुलांनी त्याला डोळ्यांनी पाहिले, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण गोल हवे होते ते २०१७ पासून मिळाले, आणि ते दिले फेरान कोरोमिनास या स्पॅनिश खेळाडूने. सायप्रसमधल्या एका क्लबातून, चौतिसाव्या वर्षी तो गोव्यात आला, तेव्हा त्याचे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक होते. पहिल्या हंगामात त्याने अठरा गोल केले, दुसऱ्यात सोळा, आणि दोन्ही वेळा लीगमध्ये तोच सर्वांत पुढे राहिला. २०१९ साली गोव्याने सुपर कप जिंकला आणि २०२० साली साखळी सामन्यांत पहिला क्रमांक मिळवला. गोव्यातले लोक त्याला नुसते 'कोरो' म्हणत. तो मैदानावर उतरला की कडेच्या खुर्च्यांवरची म्हातारी माणसेसुद्धा उठून उभी राहत.