साडी नेसलेली मेरी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी कलेविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी कलावंत नव्हे, सासू आहे. तेव्हा घरापासूनच आरंभ करते.

माझी सून ख्रिस्ती घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिने एक तसबीर आणली. तीत मेरीमाता साडी नेसून बाळाला घेऊन बसलेली. मी बोलून गेले, “ही तुमची की आमची?” पोरीने मान खाली घातली. माझा तो प्रश्न पुढे मलाच बोचू लागला.

चौकशीअंती कळले, मूळ चित्र गोव्याच्या अँजेलो द फोन्सेका यांचे. जन्म १९०२चा. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांपाशी ते शिकले. मेरीला साडी नेसवली म्हणून गोव्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मग ते पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले. १९६७ साली ते वारले.

पुढे सुनेबरोबर जुन्या गोव्याला गेले. सांता मोनिका मठातल्या संग्रहालयात हस्तिदंती बाळ येशू पाहिला, मेंढपाळाच्या रूपातला. अशा मूर्ती तिकडे सतराव्या शतकात पुष्कळ घडल्या. गालाला हात, मिटलेले डोळे. मला ध्यानस्थ बुद्धच आठवला! तिकडच्या काही जुन्या चर्चमध्ये प्रवचनपीठाखाली नागिणीही कोरलेल्या आहेत. हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करवून घेऊ नयेत, असे १५६७च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ठरवले होते. मनाई करावी लागली, म्हणजे ते घडवीत होतेच की!

दूर मेक्सिकोतही हेच झाले. सोळाव्या शतकात स्पॅनिश पाद्र्यांनी तेथील लोकांकडून मठांच्या अंगणांत दगडी क्रूस कोरून घेतले. त्यांतल्या काहींच्या मध्यभागी ज्वालामुखीच्या काळ्या काचेची चकती बसवलेली होती. हीच काच अझ्टेक लोकांना पवित्र वाटे. देव नवा आला, तरी हाताचे जुने वळण जात नाही.

मात्र एक विसरू नये. त्या काळी दोन्हीकडे देवळे मोडली गेली होती. कारागिराला कोणी विचारले नव्हते. फोन्सेकांवर तशी सक्ती नव्हती. आपला देव आपल्या आईच्या वेषात पाहावा, एवढीच त्यांची ओढ होती. आणि तीही त्यांच्याच माणसांना खुपली. मीही निराळे काय केले होते?

घरी आल्यावर मी सुनेची क्षमा मागितली. तसबीर आता बैठकीच्या खोलीत लागली आहे.

भगिनींनो, आपल्याही घरी सुना येतील, त्यांच्याबरोबर त्यांचे देव येतील. “ही कोणाची?” असे विचारू नका. “हिची गोष्ट सांग” म्हणा.