वेरूळचा चितारी जेम्स वेल्स

आडनाव वेल्स, परंतु जन्म १७४७ साली स्कॉटलंडात, अशा जेम्स वेल्स नामक व्यक्तिचित्रकाराने १७९१ मध्ये मुंबईस उतरल्यावर, रेसिडेंट मॅलेटसाहेबाच्या वशिल्याने पेशवे दरबारी प्रवेश मिळवून, तरुण सवाई माधवराव आणि त्यांच्याजवळ बसलेले कृश, सावध मुद्रेचे नाना फडणीस यांची जी तसबीर रंगविली, ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या दफ्तरी आहे. पुढे आपल्या वेरुळास येऊन त्याने लेणी रेखाटली. परंतु १७९५ मध्येच तो निवर्तला, आणि त्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएलने १८०३ साली २४ चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. मॅलेटच्याच सांगण्यावरून वेरूळ रेखाटणारा पुण्याचा गंगाराम तांबट मात्र, माझ्या मते अन्यायाने, विस्मृतीत राहिला. वेल्सने त्याचीही छबी काढून ठेवली आहे.